सायकलने महाविद्यालयात : अंतर, ऋतू आणि हजेरी

प्रास्ताविक

मुस्लिम समाजाच्या उच्च शिक्षणाची चर्चा निघाली की गरिबी, शिक्षणाचे माध्यम, पालकांची उदासीनता आणि शिष्यवृत्ती या चार मुद्द्यांवर आपण थांबतो. न्या. राजिंदर सच्चर समितीने नोव्हेंबर २००६ मध्ये आपला अहवाल सादर केला, तेव्हा या चर्चेला आकड्यांचा आधार मिळाला. २००१ च्या जनगणनेनुसार मुस्लिमांमधील साक्षरता ५९.१ टक्के, म्हणजे देशाच्या सरासरीपेक्षा सुमारे सहा टक्क्यांनी कमी होती. त्याच अहवालाप्रमाणे देशातील नामांकित महाविद्यालयांत पदवीच्या २५ विद्यार्थ्यांमागे एक आणि पदव्युत्तर वर्गाच्या ५० विद्यार्थ्यांमागे एक एवढेच मुस्लिम विद्यार्थी होते. शाळेत दाखल झालेले मूल महाविद्यालयापर्यंत पोहोचत का नाही, या प्रश्नाची अनेक उत्तरे आहेत. त्यांपैकी एक उत्तर अगदी साधे असल्यामुळे आपल्या नजरेतून सुटते. ते म्हणजे घर आणि महाविद्यालय यांच्यामधला रस्ता.

हा रस्ता स्वतःच्या पायांच्या बळावर कापणाऱ्या विद्यार्थ्याचे वाहन म्हणजे सायकल. मोटारसायकल घेण्याची ऐपत नाही आणि बसची वेळ तासिकांच्या वेळेशी जुळत नाही, अशा घरातील मुलाला सायकलच कामाला येते. परंतु सायकल आहे म्हणजे विद्यार्थी वर्षभर वर्गात येईल, असे गृहीत धरता येत नाही. ऋतू बदलला की तीच वाट दुप्पट लांब होते. प्रस्तुत लेखात बेळगाव परिसराचे उदाहरण मुख्यतः समोर ठेवून सायकलने येणाऱ्या विद्यार्थ्याच्या वाटेत ऋतूंमुळे कोणत्या अडचणी येतात, त्यांची कारणे काय आणि त्यांवर विद्यार्थी, पालक व शिक्षणसंस्था काय करू शकतात, याचा विचार केला आहे.

अंतराचे गणित

पायी चालणारा मनुष्य तासाला चार ते पाच किलोमीटर जातो. साध्या सायकलवर, फारशी घाई न करता, बारा ते पंधरा किलोमीटर होतात. म्हणजे अर्ध्या तासात पायी सव्वादोन किलोमीटर, तर सायकलने साडेसहा-सात किलोमीटर. वेग तिप्पट झाला, एवढेच यातून दिसते. पण महाविद्यालय मध्यभागी धरून नकाशावर दोन वर्तुळे काढली, तर त्रिज्या तिप्पट झाल्यावर क्षेत्रफळ नऊपट होते. जे महाविद्यालय पायी येणाऱ्यांना आसपासच्या दोन-चार गल्ल्यांपुरतेच होते, ते सायकलमुळे भोवतालच्या अनेक गावांचे होते.

बेळगावच्या बाबतीत हे गणित सहज पडताळता येते. येथील लिंगराज महाविद्यालय १९३३ चे, तर टिळकवाडीतील राणी पार्वती देवी महाविद्यालय १९४५ चे. हा भाग तेव्हा मुंबई इलाख्यात होता. पश्चिमेकडे हिंडलगा, सुळगा, उचगाव, दक्षिणेकडे पिरनवाडी, मच्छे, येळ्ळूर, उत्तरेकडे कंग्राळी, काकती, पूर्वेकडे सांबरा. यांतील बहुतेक गावे शहरापासून पाच ते बारा किलोमीटरच्या आत आहेत. ही अंतरे पायी रोज जाऊन येण्यासारखी नाहीत, पण सायकलला ती आवाक्यातली आहेत. पुढे देशातच सायकली तयार होऊ लागल्या. मद्रासची टी. आय. सायकल्स १९४९ मध्ये, सोनीपतची अ‍ॅटलस १९५१ मध्ये आणि लुधियानाची हीरो १९५६ मध्ये सुरू झाली, आणि परदेशी बनावटीची चैनीची वस्तू हळूहळू शेतकरी, विणकर आणि कारागीर यांच्या दारात आली. त्या काळात अनेक नगरपालिका सायकलवर कर घेऊन पितळी बिल्ला देत. रात्री दिवा नसेल किंवा डबलसीट बसलेले आढळले, तर पोलीस अडवीत. सायकल हे तेव्हा रस्त्यावरचे दखलपात्र वाहन होते, याची ही खूण म्हणता येईल.

सायकलला इतके कमी श्रम का लागतात, हेही समजून घेण्यासारखे आहे. चालताना प्रत्येक पावलाला शरीराचा भार उचलून पुन्हा खाली टेकवावा लागतो. सायकलवर हा भार सीट सांभाळते आणि पायांची ताकद केवळ पुढे जाण्यासाठी खर्च होते. त्यामुळे तेवढेच अंतर कापायला चालण्याच्या मानाने सुमारे एक तृतीयांश ते एक पंचमांश शक्ती पुरते. अर्थात हा हिशेब सपाट, कोरडा रस्ता आणि स्थिर हवा धरून आहे. बेळगावात जून ते सप्टेंबर या काळात या अटी क्वचितच पूर्ण होतात.

पाऊस आणि वाऱ्याची दिशा

बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर, सह्याद्रीच्या पूर्व उतारावर वसले आहे. घाटमाथ्यावरील आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. बेळगाव शहरात तो तेराशेच्या जवळपास, आणि त्याच जिल्ह्याच्या पूर्वेकडील सौंदत्तीत सहाशेच्या आसपास असतो. म्हणजे एकाच महाविद्यालयात शिकणाऱ्या दोन मुलांचे पावसाळे वेगवेगळे असू शकतात. जांबोटी-खानापूर भागातल्या मुलाची आषाढभर पावसातून सुटका नसते. पूर्वेकडच्या मुलाला पाऊस कमी लागतो, पण काळी माती छळते. ही माती ओली झाली की चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये घट्ट बसते आणि चाक फिरेनासे होते. मग काटकीने माती खरवडत सायकल डांबरी रस्त्यापर्यंत ढकलत न्यावी लागते. अशा वाटेवर चाक आणि मडगार्ड यांच्यात दोन बोटे अंतर असलेली सायकल उपयोगी पडते. अरुंद मडगार्डची नवी, देखणी सायकल तेथे अडून बसते.

पावसाइतकाच वाराही महत्त्वाचा आहे. मान्सूनचा वारा येथे मुख्यतः पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून येतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वारा नसताना ताशी १५ किलोमीटर जाणाऱ्या मुलासमोर ताशी १५ किलोमीटरचा वारा आला, तर हवेच्या दृष्टीने त्याचा वेग ३० होतो आणि विरोध चौपट होतो. म्हणून हिंडलगा-उचगावकडून येणाऱ्याला सकाळी वारा पाठीशी असतो आणि संध्याकाळी दमलेल्या अवस्थेत तोच छातीवर घ्यावा लागतो. सांबऱ्याकडून येणाऱ्याचे उलटे होते. तो पहिल्या तासिकेलाच थकून आणि बहुधा उशिरा पोहोचतो. उशिरा येणाऱ्या विद्यार्थ्याला बेशिस्त ठरवण्यापूर्वी तो कोणत्या दिशेने येतो, हे एकदा विचारून पाहावे.

हजेरीचा हिशेब

विद्यापीठांच्या नियमांप्रमाणे परीक्षेला बसण्यासाठी साधारणतः ७५ टक्के हजेरी आवश्यक असते. सत्रात अध्यापनाचे सुमारे ९० दिवस धरले, तर विद्यार्थ्याला २२ दिवसांची सवलत मिळते. ही सवलत भरपूर वाटते. पण वर्षाचे पहिले सत्र नेमके पावसाळ्यात येते. जुलै-ऑगस्टच्या आठ आठवड्यांत एखादा विद्यार्थी पावसामुळे आठवड्यातून दोनच दिवस चुकला, तरी १६ दिवस गेले. उरलेल्या सहा दिवसांत ताप, घरातले लग्न, वडिलांच्या दुकानावर बसण्याची वेळ, पेरणी-लावणी हे सारे बसवावे लागते. सातवा दिवस चुकला की नाव हजेरी अपुरी असलेल्यांच्या यादीत जाते.

यात आणखी एक बारकावा आहे. काही ठिकाणी हजेरी तासिकेनुसार मोजली जाते. पावसामुळे रोज पंधरा-वीस मिनिटे उशीर होणारा विद्यार्थी दिवसभर वर्गात बसूनही एकाच विषयात, पहिल्या तासिकेच्या विषयात, गैरहजर ठरत जातो. सत्राच्या शेवटी तो त्या एका विषयासाठी अडतो आणि अनेकदा तेथेच शिक्षण सुटते. घरचे लोक म्हणतात, ‘पोराचे मन लागले नाही.’ वास्तविक पाहता मन लागलेले असते, फक्त वाट ओली असते.

ओल्या रस्त्यावरची सायकल

सायकल पावसात का घसरते आणि का थांबत नाही, याची कारणे विद्यार्थ्याला सांगितली पाहिजेत. आपल्याकडील साध्या सायकलचा ब्रेक रबराच्या तुकड्याने रिम दाबून धरतो. पोलादी, चकचकीत रिम ओली झाली की रबर आणि धातू यांच्यामध्ये पाण्याचा थर येतो आणि पकड फारच कमी होते. चाक काही फेरे फिरून पाणी पुसले गेल्यावर ब्रेक लागू लागतो. ताशी १५ किलोमीटर वेगाने सायकल सेकंदाला चार मीटरहून अधिक जाते. म्हणजे ब्रेक लागण्यापूर्वीच समोरचा रिक्षावाला जवळ आलेला असतो. यावर उपाय असा, की पावसात वेग कमी ठेवावा आणि उतारावर किंवा चौकाच्या आधी ब्रेक हलका दाबून रिम पुसून घ्यावी. दोन्ही ब्रेक एकत्र वापरावेत. केवळ पुढचा ब्रेक जोरात दाबल्यास पुढचे चाक घसरते. रबरे झिजून त्यांतील खाचा दिसेनाशा झाल्या की जूनपूर्वीच ती बदलावीत.

पहिला पाऊस सर्वांत घसरडा असतो. उन्हाळाभर डांबरावर साचलेले तेल, डिझेल आणि धूळ यांचा त्या दिवशी राळा होतो. पुढे जोराच्या दोन-चार सरींत तो धुऊन निघतो. रेल्वेरूळ हा दुसरा धोका. मिरज-लोंढा मार्ग बेळगाव शहरातूनच जातो. फाटकातील ओल्या रुळांवरून तिरपे गेल्यास चाक रुळालगतच्या फटीत अडकते किंवा लोखंडावरून सटकते. रूळ नेहमी काटकोनात ओलांडावेत, आणि गर्दी असल्यास उतरून सायकल हाताने न्यावी. साचलेल्या पाण्याखाली खड्डा आहे की उघडे गटार, हे दिसत नाही. जेथे समोरच्या वाहनाचे चाक किती बुडाले ते पाहता येत नाही, तेथे पाण्यात सायकल घालू नये.

छत्री धरून सायकल चालवणे ही आपल्याकडील जुनी सवय आहे. ती सोडली पाहिजे. एका हातात छत्री असेल तर एकच ब्रेक हाती उरतो, आणि वाऱ्याच्या झोतासरशी तोल जातो. घोळदार रेनकोटचा सोगा चाकात जाण्याची भीती असते. म्हणून शर्ट-पॅन्टसारखा दोन भागांचा रेनकोट बरा. तो फिकट रंगाचा असावा, म्हणजे अंधारून आलेल्या दुपारी ट्रकचालकाला दिसतो. मागे लाल परावर्तक आणि पुढे दिवा हवाच. विजा चमकत असतील तर मोकळ्या माळावर सायकल चालवू नये. रबरी टायरमुळे विजेपासून संरक्षण मिळते, ही समजूत चुकीची आहे. एकट्या उभ्या झाडाखाली न थांबता पक्क्या इमारतीचा आसरा घ्यावा.

अंग भिजले तर वाळते, वही भिजली तर वर्षाचे काम जाते. दप्तराच्या आत खताच्या पोत्यातील जाड प्लॅस्टिकची स्वच्छ धुतलेली पिशवी ठेवणे हा खेड्यातील मुलांचा जुना आणि उत्तम उपाय आहे. पावसाळ्यात टिपणे बॉलपेनने घ्यावीत. बॉलपेनची शाई तेलकट असल्याने पाण्याने सहसा पसरत नाही, जेल पेनची बहुधा पसरते. उर्दूच्या वहीत तर एक नुक्ता पसरला तरी शब्द बदलतो, हे उर्दू शिकणाऱ्यास सांगायला नको.

पावसाळा संपला की सायकलची एकदा ओव्हरऑयलिंग करून घ्यावी. चाकाच्या आसातील छर्रे पाण्याने गंजतात, चेनमध्ये वाळू शिरते आणि चाकाला आऊट येतो. ही कामे करणाऱ्या कारागिरांमध्ये आपल्या समाजाचे लोक बऱ्याच शहरांत दिसतात. त्यांच्या दुकानातील पंक्चर, छर्रे, आऊट, चिमटा या शब्दांत इंग्रजी, हिंदुस्थानी आणि मराठी यांची जी सरमिसळ आहे, ती भाषेच्या अभ्यासकासाठी स्वतंत्र लेखाचा विषय ठरेल.

ऊन, थंडी आणि रमजान

आपल्या वाचकांपैकी अनेकजण बेळगावपेक्षा कडक हवेच्या शहरांत राहतात. हैदराबाद आणि वडोदरा येथे उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या पुढे जातो. ग्वाल्हेरला मे-जूनमध्ये तो ४५ च्याही वर चढतो, आणि तेथेच जानेवारीत दाट धुके व एक आकडी तापमान असते. सायकल चालू असताना वाऱ्याने घाम वाळतो, त्यामुळे उन्हाचा त्रास तेवढा जाणवत नाही. थांबल्यावर एकदम चक्कर येते ती याच कारणाने. निघण्यापूर्वी पाणी प्यावे, डोके ओल्या कापडाने झाकावे. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ हे घरगुती मिश्रण सोबत ठेवावे. थंडीत बोटे बधिर झाली की ब्रेक दाबता येत नाही, म्हणून हातमोजे चैनीचे समजू नयेत. धुक्यात दिवा दिवसाही लावावा.

रमजानचा विचार येथे वेगळा करायला हवा. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान असल्यामुळे रमजान दरवर्षी तेवढा अलीकडे येतो आणि साधारण ३३ वर्षांत सर्व ऋतूंतून फिरतो. २०१८ साली तो मे-जूनच्या उन्हात होता, २०२४ मध्ये मार्चमध्ये आला, आणि २०३० या इसवी सनात तो जानेवारीत व पुन्हा डिसेंबरअखेर असा दोनदा सुरू होईल. म्हणजे येत्या काही वर्षांत रोजेदार विद्यार्थ्याचा सायकल प्रवास थंडीच्या लहान दिवसांत सुकर होईल आणि पुढे पुन्हा पावसाळ्याकडे सरकेल. रोजा असताना वेग कमी ठेवावा, सावलीची वाट धरावी आणि परतीचा प्रवास भर दुपारी टाळावा. इफ्तारच्या आधीच्या पंधरा-वीस मिनिटांत घर गाठण्याच्या घाईत रस्त्यावर अपघाताची शक्यता वाढते. शेवटची तासिका त्या महिन्यात थोडी अलीकडे घेतल्यास ही घाई टळते.

मुलींची सायकल

तामिळनाडूतील पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९१ पासून साक्षरता मोहिमेबरोबर स्त्रियांना सायकल शिकवण्याचे मोठे अभियान झाले. जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांच्या पुढाकाराने ग्रामीण स्त्रिया हजारोंच्या संख्येने सायकलवर बसल्या, आणि त्यांत मुस्लिम तरुणींचा सहभाग ठळक होता. पत्रकार पी. साईनाथ यांनी त्याची नोंद केली आहे. बिहार सरकारने २००६ मध्ये नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलसाठी पैसे देण्याची योजना आणली. कार्तिक मुरलीधरन आणि निशिथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, त्यामुळे मुलींचे माध्यमिक शाळेतील योग्य वयातले प्रवेश ३२ टक्क्यांनी वाढले. ही वाढ मुख्यतः शाळेपासून तीन किलोमीटर किंवा अधिक दूर असलेल्या गावांत झाली. अंतर हेच खरे अडसर होते, याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा क्वचितच मिळेल.

कर्नाटकातही २००६-०७ पासून आठवीच्या विद्यार्थ्यांना सायकली देण्याची योजना सुरू झाली होती. परंतु अशा योजना शाळेपुरत्या असतात. आठवीत मिळालेली सायकल पदवीच्या पहिल्या वर्षापर्यंत मोडकळीस येते, आणि अंतर मात्र तेव्हाच वाढलेले असते. जून २०२३ पासून कर्नाटकात शक्ती योजनेखाली राज्यातील स्त्रियांना सरकारी साध्या बसमधून मोफत प्रवास मिळू लागला. त्यामुळे मुलीला सायकल लागते ती घर ते बसथांबा या दोन-तीन किलोमीटरसाठी. तिच्या दृष्टीने बस आणि सायकल ही एकमेकांची पूरक साधने ठरतात. बसथांब्याजवळ सायकल सुरक्षित ठेवण्याची सोय नसेल, तर मोफत बससुद्धा तिच्यापर्यंत पोहोचत नाही.

पोशाखाचा प्रश्नही व्यावहारिक पातळीवर सोडवता येतो. खालच्या दांड्याची लेडीज सायकल, पूर्ण बंद चेनकव्हर आणि मागच्या चाकाला जाळी असली, की बुरखा किंवा ओढणी अडकण्याचा धोका बराच कमी होतो. मडगार्डला रबरी झडप लावल्यास चिखल उडून कपडे खराब होत नाहीत आणि जोहरच्या नमाजच्या वेळी अडचण येत नाही. पालकांची भीती उपदेशाने जात नाही. एकाच वस्तीतील चार-पाच मुली ठरलेल्या वेळी एकत्र निघू लागल्या की ती हळूहळू कमी होते.

संस्थेने काय करावे

यातील पुढील गोष्टी कोणत्याही संस्थेला मोठ्या खर्चाशिवाय करता येतील.

१. सायकलस्टँडवर छप्पर असावे आणि ते वर्गांच्या जवळ असावे. मोटारींसाठी फाटकापाशी जागा आणि सायकलींसाठी मागच्या बाजूला चिखल, ही व्यवस्था बदलावी.

२. रेनकोट वाळत घालण्यासाठी दोरी किंवा खुंट्या आणि कपडे बदलण्यासाठी मुलामुलींना स्वतंत्र खोली असावी. भिजलेल्या कपड्यांत पाच तास बसणारा विद्यार्थी आठवडाभरात आजारी पडतो.

३. कार्यालयाजवळ हवेचा पंप, पंक्चरचे पॅच, सोल्यूशन आणि दोन-चार पाने ठेवावीत. जवळच्या कारागिराला जूनमध्ये एक दिवस बोलावून सर्व सायकलींचे ब्रेक तपासून घ्यावेत.

४. जुलै-ऑगस्टमध्ये पहिल्या तासिकेची हजेरी तासिकेच्या शेवटी घ्यावी. नियम न मोडता एवढे करता येते.

५. पदवी पूर्ण करून जाणाऱ्या विद्यार्थ्यांकडून सायकली घेऊन त्या दुरुस्त कराव्यात आणि नव्या विद्यार्थ्यांना वर्षभरासाठी वापरायला द्याव्यात. येथे निधीचा एक भेद लक्षात ठेवावा. हनफी मतानुसार जकातीत पात्र व्यक्तीला मालकी देणे, म्हणजे तम्लीक, आवश्यक मानले जाते. म्हणून जकातीच्या रकमेतून घेतलेली सायकल पात्र विद्यार्थ्याच्या मालकीची करून द्यावी, आणि परतबोलीने द्यायच्या सायकली ऐच्छिक देणग्यांतून घ्याव्यात. तपशील स्थानिक उलेमांना विचारून ठरवावा.

समारोप

प्रवेशाच्या वेळी आपण विद्यार्थ्याची टक्केवारी, उत्पन्नाचा दाखला आणि माध्यम विचारतो. त्याच अर्जात आणखी दोन रकाने घालावेत : घरापासूनचे अंतर किती, आणि येण्याचे साधन कोणते. जूनमध्ये ही माहिती हाती असेल, तर सप्टेंबरमध्ये कोणाची हजेरी घटणार हे बऱ्याच अंशी आधीच कळेल आणि यादी लागण्यापूर्वी काही करता येईल. शिष्यवृत्तीचा धनादेश वर्षातून एकदा येतो, पण घरून महाविद्यालयाकडे विद्यार्थ्याला रोज निघावे लागते. त्या रोजच्या वाटेवर एक छप्पर, एक पंप आणि पंधरा मिनिटांची समज एवढे जरी आपण उभे केले, तरी या पावसाळ्यात गळणाऱ्या काही विद्यार्थ्यांचे शिक्षण टिकेल.